पंधरा इंची दंड आणि एक दोर

तमाम लालबाग-परळकर, माझगाव बंदरात ये-जा करणाऱ्या सर्व लहानमोठ्या बोटी आणि त्या बोटींवरचे उंदीर यांना गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, प्रस्तुत लेखकाच्या उजव्या दंडाचा घेर एके काळी पुरा पंधरा इंच होता. तो शिंप्याच्या टेपने, दोन साक्षीदारांसमक्ष, श्वास न रोखता मोजला होता. कुणाची हरकत असल्यास आता तपासणीची सोय नाही. तो ऐवज यथावकाश पोटाकडे बदलून गेला आणि तिथेच कायम झाला.

ही घोषणा मी गेली वीसेक वर्षं लग्नांत, बारशांत आणि एकदा तर एका बाराव्यालाही केली आहे. लोक हसतात. मग मी खलाशांना धावायला कसं शिकवलं ते सांगतो. लोक आणखी हसतात. गोष्टीत एक हवालदार येतो, त्याचा आवाज मी फार छान काढतो, आणि तिथे टाळी पडली की मी चहाकडे वळतो. हवालदाराच्या पुढची गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. आज लिहून टाकतो. लिहिताना समोर कुणी नसतं, त्यामुळे टाळीसाठी थांबण्याचा मोह होत नाही.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मी बावीस वर्षांचा होतो. लालबागच्या चाळीत आमची एक खोली, वडील गिरणीत, आणि मी व्यायामशाळेत. पहाटे उठून जोर काढायचे, बैठका मारायच्या, मुद्गलासारख्या लाकडी करेला फिरवायच्या, मग भिजवलेले हरभरे खाऊन चाळीच्या नळावर उघड्या अंगाने उभं राहायचं. नळावर तेव्हा गर्दी असायची हा योगायोग नव्हता. माझ्याकडे सगळं होतं, फक्त नोकरी नव्हती. आई म्हणायची, "हा दंड तेवढा एखाद्या कारकुनाला दे आणि त्याची नोकरी तू घे."

शेवटी आईनेच खटपट केली. वडिलांच्या गावचा एक माणूस माझगावच्या एका छोट्या कंपनीच्या लाँचवर तांडेल होता. तांडेल म्हणजे खलाशांचा मुकादम. लाँच मालवाहू, साठेक फुटांची. पावसाळा सोडला तर दर पंधरा दिवसांनी कौलं, सिमेंट, तांदूळ असलं सामान घेऊन कोकणच्या बंदरांना जायची. तांडेल पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, पिंडऱ्या वाळलेल्या बोंबलासारख्या. आमच्यापासून दोन चाळी सोडून गावच्या माणसांची एक सामाईक खोली होती, तिथे तो राहायचा. बायको गावाला. आई त्याच्याकडे गेली, रडली, आणि तो कंपनीत जाऊन म्हणाला, "पोरगो माझ्या जबाबदारीर घेवा." एवढ्यावर मी खलाशी झालो.

पहिल्या दिवशी मी बनियन घालून गेलो, म्हणजे दंड दिसावेत. तांडेलकाकांनी मला दोराला लावलं. तासाभरात माझ्या तळहातांवर चार फोड आले. शेजारचा खलाशी, ज्याचा दंड माझ्या मनगटाएवढा होता, विडी ओढत शांतपणे काम करत होता.

"दंड बरो आसा तुझो, झिला," तांडेलकाका म्हणाले. झिल म्हणजे मुलगा. मला ते कायम झिलाच म्हणत. "पण दोराक तो दिसाक नाय."

सगळे हसले. सगळ्यांत जास्त भंडारी हसला. बोटीवरच्या आचाऱ्याला भंडारी म्हणतात. हा माणूस दिवसभर एक शब्द बोलत नसे, पण कुणाची फजिती झाली की खांदे हलवून हसे. त्याला लक्षात ठेवा.

ओढण्याला तांडेलकाका 'वडणं' म्हणायचे. ते मला समजावत, "वडूक ताकद व्हयीच. पण ताकदीआदी येळ सांभाळूक व्हयी. सगळ्यांनी एकदम वडला तर बोट हलता. एकट्यान वडला तर माणूस मरता." मी मान डोलावली. मान डोलावताना मानेचे स्नायू छान दिसतात हेही मला ठाऊक होतं.

अशात कंपनीत नवा सुपरिंटेंडंट आला. पांढरे बूट, गळ्यात दोरी आणि दोरीला स्टॉपवॉच. त्याला मराठी चांगलं कळायचं. कळत नाही असं दाखवणं हा त्याच्या हुद्द्याचा भाग होता. त्याने आल्या आल्या खलाशांना रांगेत उभं करून हिंदीत सांगितलं की सहा आठवड्यांनी चाचणी होईल. गोदीच्या फाटकापासून धक्क्याच्या टोकापर्यंत धावायचं, दोराच्या शिडीने बोटीच्या बाजूवर चढायचं, पाठीवर पोतं घेऊन फळीवरून वर जायचं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून लाँच दोराने ओढून धक्क्याला लावायची. जो कमी पडेल त्याची बदली गोदामावर, वॉचमन म्हणून. हे सांगताना तो तांडेलकाकांच्या पिंडऱ्यांकडे बघत होता.

गोदामावर बदली म्हणजे काय ते त्या खोलीत राहणाऱ्यालाच कळेल. लाँच तांडेलकाकांच्या गावच्या बंदरात नांगर टाकायची. दर पंधरा दिवसांनी एक रात्र आणि अर्धा दिवस त्यांना घर मिळायचं. माझगावच्या गोदामाला नांगर नसतो. तिथून घर वर्षातून एकदा, गणपतीला, तेही रजा मिळाली तर. तीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने बायकोचा चेहरा पंधरा-पंधरा दिवसांच्या हप्त्याने पाहिला होता, आणि आता तेवढंही जाणार होतं.

साहेबाची नजर मग माझ्या बनियनवर आली. "तुम," तो म्हणाला, "इनको ट्रेनिंग दो."

वाचकहो, मी इतका फुगलो की पंधराचे सोळा इंच झाले असतील.

दुसऱ्या दिवसापासून मी तांडेलकाकांसकट आठ खलाशांना पहाटे लालबागच्या नाक्यावर उभं केलं. तिथून काळाचौकीमार्गे माझगावच्या गोदीपर्यंत धावायचं, आणि गोदीत पोचल्यावर जोर आणि बैठका. तांडेलकाका लेंगा वर खोचून, डोक्यावर टोपी घालून आले.

"झिला, एक इचारू?" ते म्हणाले. "बोट साठ फूट लांब. धावत जातलंस खंय? दर्यात?"

"काका, दम वाढतो."

"दम वाढवून करतलंस काय? विड्यो जास्त वडतलंस?"

पहिले चार दिवस भयंकर गेले. बैठकांनी सगळ्यांच्या मांड्या अशा धरल्या की खलाशांना शिडीवरून उतरताना देव आठवला. एकाला तर खाली बसलेला उठवायला दोघं लागले. काम आधीपेक्षा मंद झालं आणि साहेबाने विचारलं की हे ट्रेनिंग आहे की मारामारी. मी घाबरून वस्तादांकडे, म्हणजे आमच्या व्यायामशाळेच्या गुरूंकडे गेलो. वस्ताद म्हणाले, "गाढवा, तू त्यांना तुझ्या मापाने मारतोयस. त्यांचं दिवसाचं काम हाच त्यांचा अर्धा व्यायाम आहे. निम्मं कर." मी निम्मं केलं.

पाचव्या दिवशी हवालदार आला. पहाटेच्या अंधारात नऊ माणसं दणदण धावताना बघून त्याने दंडुका आडवा घातला.

"कुठला मोर्चा?"

"मोर्चा नाही, हवालदारसाहेब. तब्येतीसाठी धावतोय."

"नऊ जण? एकदम तब्येतीसाठी?" त्याने टॉर्च एकेकाच्या तोंडावर मारला. तांडेलकाकांच्या टोपीपाशी टॉर्च थांबला. "आणि हे आजोबा कोणाच्या तब्येतीसाठी धावतायत?"

"सायबाच्या," तांडेलकाका म्हणाले.

हवालदाराने टॉर्च खाली घेतला आणि तो म्हणाला, "जमावबंदी आहे. पाच जणांनी मिळून धावायचं नाही. चार-चार धावा, मध्ये अंतर ठेवा, आणि नववा कोण आहे त्याने एकट्याने धावायचं." मग आवाज खाली आणून, "आणि खरंच मोर्चा असला तर मला सांगू नका, मीपण चिंचपोकळीचाच आहे."

इथे टाळी पडते. इथे मी चहा घेतो. आज घेत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून फरक दिसू लागला, आणि हे मी माझं कौतुक म्हणून सांगत नाही. शिडीच्या मध्यावर थांबून खोकणारा एक खलाशी न थांबता वर जाऊ लागला. पोती चढवताना दुपारनंतर हातपाय गळायचे, ते गळेनात. माल उतरवून झाल्यावर पूर्वी सगळे डेकवर आडवे व्हायचे. आता बसून पत्ते खेळायला लागले. धावण्याने दम आला, बैठकांनी पोत्याखालचे गुडघे सावरले. नवव्याने एकट्याने धावायचं हा हुकूम तांडेलकाकांनी आपल्याकडे घेतला होता. ते सगळ्यांच्या मागे, आपल्या गतीने यायचे. आधी निम्मं चालायचे. पाचव्या आठवड्यात ते गोदीच्या फाटकाशी पोचले तेव्हा टोपी जागेवर होती आणि बोलायलाही दम शिल्लक होता.

"धावण्याचो गूण आसा रे," ते म्हणाले. "परवा गावाक बंदरावरून घराक चढान चढलंय. तिना इचारल्यान, आज श्वास लागलो नाय तो?" 'तिना' म्हणजे बायकोने. हे सांगताना तो काटकुळा माणूस लाजला. माझ्या अख्ख्या तालमीला मिळालेलं ते सर्वांत मोठं बक्षीस होतं, आणि मला त्या वेळी ते पुरेसं वाटलं नाही.

दोराची गोष्ट राहिली. बोटीवर दोर ओढताना पूर्वी साधं 'हैस्सा' चालायचं. मी रोज संध्याकाळी सभांना जायचो, तिथून घोषणा घेऊन यायचो. एके दिवशी दोर हातात असताना मी सहज ओरडलो, "संयुक्त महाराष्ट्र," आणि आठही जण गर्जले, "झालाच पाहिजे!" दोर असा आला की लाँच धक्क्यावर आपटली. तांडेलकाकांनी कपाळाला हात लावला, पण विचार करून म्हणाले, "बरां आसा ह्या. तीन टप्पे आसत."

ते टप्पे त्यांनी पक्के ठरवले. धक्क्यावर बांधलेला दोर आम्ही डेकवरून ओढायचो, आणि ओढलेला भाग परत सुटू नये म्हणून तांडेलकाका डेकवरच्या लोखंडी खुंटाला त्याचा फेरा देत. ओढलेला दोर ढिला होई, तो ते हाताने खुंटावर आवळून घेत, आणि हात काढून घेत. मग आम्ही पुन्हा ओढायचं. म्हणून 'संयुक्त महाराष्ट्र' ते स्वतः म्हणत, आणि म्हणता म्हणता फेरा आवळत. 'झालाच'ला आम्ही डेकवर पाय रोवायचे. तेवढ्यात त्यांचा हात खुंटावरून निघे. 'पाहिजे'ला ओढायचं.

"पयल्याक माझो हात, दुसऱ्याक तुमचे पाय, तिसऱ्याक वड," ते रोज सांगत. "तिसऱ्याआदी कोणी वडूचां नाय." भंडारी माझ्या मागे उभा असायचा. दोराला तोही लागायचाच. छोट्या बोटीवर आचाऱ्यालाही सुटका नसते.

चाचणीचा दिवस उजाडला. स्वच्छ सकाळ, ओहोटी नुकतीच संपलेली. साहेब पांढऱ्या बुटांत धक्क्यावर. मी धावण्यात पहिला आलो, अर्थातच. शिडीवरही पहिला. पोतीही मी दोन घेतली, एक जास्त. प्रत्येक वेळी साहेबाकडे पाहिलं. प्रत्येक वेळी तो माझ्यामागून येणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघत होता. तांडेलकाका धावण्यात पाचवे आले. शिडी न थांबता चढले. पोतं ठेवून त्यांनी टोपी सारखी केली, तेव्हा साहेबाने स्टॉपवॉच बघितलं, पुन्हा बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "कमाल है! बुड्ढा कमाल है!"

माझ्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

आता फक्त दोर राहिला होता, आणि दोर म्हणजे तांडेलकाकांचं स्वतःचं घर. ते पास झालेच होते. हे धक्क्यावरच्या हमालालाही दिसत होतं. मला वाईट वाटायचं काहीच कारण नव्हतं. त्यांना तयार मीच केलं होतं. पण मला ते 'बुड्ढा कमाल है' सहन होत नव्हतं. आपण दोर असा ओढावा की साहेबाची मान माझ्याकडे वळलीच पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी सगळ्यांत पुढे, खुंटाच्या जवळ जाऊन उभा राहिलो.

"संयुक्त महाराष्ट्र," तांडेलकाकांनी आवाज दिला आणि फेरा आवळायला हात खुंटावर घातला.

"झालाच," सगळे म्हणाले. आणि मी ओढलं.

मी एकट्याने ओढलं. पाय आधीच रोवलेले होते, पाठ ताठ होती, सगळं शास्त्रशुद्ध होतं. सहा आठवड्यांपूर्वी मी असं ओढलं असतं तर त्यांची बोटं खरचटली असती. सहा आठवड्यांच्या तालमीनंतर ती मोडली. दोर आणि लोखंड यांच्यामध्ये दोन बोटं सापडली आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. 'पाहिजे' कुणी म्हटलंच नाही.

साहेब धावत धक्क्याच्या काठाशी आला. "किसने पहले खींचा?"

 दोराला नऊ जण लागलेले. समोरून पाहणाऱ्याला कुणी आधी ओढलं ते कळत नाही. मागून पाहणाऱ्याला कळतं. माझ्या मानेवर मला भंडाऱ्याची नजर जाणवत होती. मी दोराकडे बघत राहिलो. एक शब्द पुरे होता. 'मी.' मराठीत यापेक्षा लहान शब्द नसेल. जोर काढायला सांगितले असते तर दोनशे काढले असते. हे एक अक्षर निघेना.

तांडेलकाकांनी पंचा हाताला गुंडाळला. ते माझ्याकडे बघत नव्हते. "कोणी नाय, सायबा," ते म्हणाले. "माझोच हात सरकलो."

साहेबाने मान हलवली. "देखा? उमर."

दुसऱ्या आठवड्यात त्यांची बदली गोदामावर झाली.

परळच्या इस्पितळात मी त्यांना भेटायला गेलो, चार मोसंबी घेऊन. वाटेत दहा वेळा वाक्य घोकलं. पोचलो, आणि कबड्डीच्या सामन्यांबद्दल बोललो. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "हय तीन जिने चढून येवक लागता. दम लागूक नाय हां माका. तुझां धावणां बरां." मी मोसंबी सोलत बसलो. त्यांना एका हाताने सोलता येत नव्हती.

निघताना ते म्हणाले, "बोट गावाक जायत तेवा घराकडे एक निरोप दी. बोटां मोडली म्हणान सांगू नको. डुटी बदलली म्हणान सांग."

मी तो निरोप दिला. बंदरावर त्यांची बायको उभी होती. लाँच नांगरावर आली की ती नेहमी तिथे असायची, हे मला आठ महिन्यांत ठाऊक झालं होतं. ती माझ्यामागे होडीतून आणखी कुणी उतरतंय का ते बघत राहिली. कुणी उतरत नव्हतं.

"डुटी बदलली," मी म्हणालो.

"किती दिसांसाठी?"

"थोड्या," मी म्हणालो. खोटं बोलायला मला अजिबात दम लागला नाही.

तिने दोन पुरचुंड्या आणल्या होत्या. एकीत सोलं, म्हणजे आमसुलं, आणि कुळथाचं पीठ, ती त्यांच्यासाठी. दुसरीत तांदळाच्या तळलेल्या गोड बोरांचा छोटा डबा. "ह्यो तुमका. तुमी धावूक शिकवलात म्हणान लिवल्यानी होता," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर मी ती बोरं खाल्ली. सगळी खाल्ली. भंडारी समोर बसून बघत होता, आणि त्या दिवशी त्याचे खांदे हलत नव्हते.

तांडेलकाका पुढे परत बोटीवर गेले हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचक मला उगाच वाईट म्हणतील. म्हणायचं तर योग्य कारणासाठी म्हणावं. महिन्या-दीड महिन्याने ते उरलेल्या आठ चालत्या बोटांनी त्याच खुंटापाशी उभे राहिले आणि निवृत्त होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी घराची ती चढण चढले. मला साहेबाने दोराला सगळ्यांत मागे लावलं. पण त्यांचं परत जाणं माझ्यामुळे झालं नाही. ते कसं झालं, तेवढंच आता राहिलं.

आमच्या व्यायामशाळेने माझा सत्कार ठरवला. 'दर्यावर्दींना बलोपासनेची दीक्षा' असा फळा खडूने लिहिला होता. चाचणीत आठांपैकी सात जण उत्तम उतरले ही बातमी लालबागभर झाली होती. आठव्याचं काय झालं हे कुणी विचारत नव्हतं. साहेब प्रमुख पाहुणा. खुर्चीत स्टॉपवॉचसकट. मल्लखांबाच्या बाजूला सतरंजीवर सगळे खलाशी, आणि भिंतीला टेकून तांडेलकाका, हाताला बँडेज. गोदामाची पाळी संपवून आले होते. मला बघून त्यांनी मान हलवली, मुलाचं लग्न ठरल्यासारखी.

माझ्या सदऱ्याला दोन खिसे होते. डाव्या खिशातल्या भाषणात मी सगळं कबूल केलं होतं. आदल्या दिवशी तीनदा लिहून काढलं होतं. उजव्या खिशातल्या भाषणात बलोपासना, छत्रपती आणि गाईचं दूध होतं. वस्तादांनी मला शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. टाळ्या फार चांगल्या झाल्या. तांडेलकाकांना टाळी वाजवता येईना म्हणून ते चांगल्या हाताने मांडीवर थापा मारत होते. त्या थापा मला व्यासपीठावर ऐकू येत होत्या. मी उजव्या खिशात हात घातला.

भाषण रंगलं. दर्याच्या लाटा, पोलादी मनगटं, सगळं आलं. तांडेलकाकांचा उल्लेखही केला मी. 'आमचे एक वयोवृद्ध सहकारी, ज्यांना दुर्दैवाने अपघात झाला' असा. स्वतःच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडताना मला ऐकू आलं आणि तरी मी पुढच्या वाक्यावर गेलो.

मी बसलो आणि वस्ताद समारोपाला उठले. त्या वर्षांत कुठलीही बैठक घोषणेशिवाय संपत नसे, मग ती सभा असो, सत्यनारायण असो की पतपेढीची निवडणूक. वस्ताद वयस्कर, दमेकरी; त्यांनी छाती भरून घेतली आणि सावकाश सुरू केलं, "संयुक्त..." मध्ये त्यांना श्वास घ्यावा लागला. सगळी तालीम त्यांच्यासाठी थांबली. कुणी ओठ हलवला नाही.

मला तेवढी शांतता सोसली नाही. शाल, नारळ, साहेबाची नजर माझ्यावर, पहिल्यांदाच फक्त माझ्यावर. वस्तादांचा 'महाराष्ट्र' यायच्या आत मी उठून, मूठ वर करून, पंधरा इंची दंड ताठ करून एकट्याने गर्जलो, "झालाच पाहिजे!"

माझा आवाज पत्र्याला लागून परत आला. वस्ताद तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिले. आणि सतरंजीच्या मागच्या टोकाकडून, ज्या माणसाला बोटीवर कुणी एक अख्खं वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं, तो भंडारी, बहुधा स्वतःच्याही नकळत, सगळ्या लालबागला ऐकू जाईल असा ओरडला:

"अरे, ह्येना आज पण आदीच वडल्यान!"